अंगठ्याखालची गाठ

६ जून

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, हे खरं सांगते. "ताई, मला क्षय झालाय. पण कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून हा शब्द उच्चारू नकोस, दुकानदार तो सगळ्या गल्लीला फुकट वाटेल." बरं बाई, नाही उच्चारत. पत्रंच लिहू.

मग रडलेही थोडी. पण थोडीच. क्षयाच्या दवाखान्यात माझ्या टेबलासमोर रोज तुझ्याएवढी मुलं-मुली येऊन बसतात, आणि त्यांना औषध समजावून सांगणं हेच माझं काम आहे. त्यांना सांगते तेच तुला सांगते: हा आजार बरा होतो. पूर्ण बरा होतो. फक्त गोळ्यांना दगा द्यायचा नाही. बरं वाटायला लागलं की गोळ्या सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि नंतर त्यांचं काय होतं तेही.

खिडकी उघडी ठेव. तोंडावर फडकं बांध. मावशीची, तुझ्या आईची, तपासणी झाली आणि ती निर्मळ निघाली, हे फार चांगलं झालं. ती बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना मालीश करते. तुझी पुढची तपासणी स्वच्छ येईपर्यंत तिने दुसऱ्या खोलीत निजावं.

आणि आराम. खरा आराम. पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. शर्टाची काजं कारखान्यात दुसरं कोणीही करेल. लहानपणापासून तू एका जागी बसली नाहीस म्हणून तुझं नाव भिंगरी पडलं, पण आता काही दिवस नावाला जागू नकोस.

आपल्या दोन्ही घरांत मिळून पदवी एकच, ती माझी. ती भिंतीवर टांगायला मिळवली नाही, असं मी मावशीला तेव्हाच ऐटीत सांगितलं होतं. आता तिचा उपयोग होऊ दे.

हे पत्र मावशीला वाचून दाखव. सगळं.

तुझी ताई

१९ जून

ताई,

आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. कंसात आहे ते माझं, ते तिला माहीत नाही.

पोरी, तुझं पत्र पोचलं. तू लिहिलंस तसंच सगळं चाललं आहे. हिला मी पलंगावरून हलू देत नाही. पाणीसुद्धा हातात आणून देते. (राणीसारखी पडून आहे. राणीला इतका कंटाळा येत असेल तर राज्य नको.) गल्लीत मी कावीळ झाल्याचं सांगितलं आहे. खोटं बोलायला बरं वाटत नाही, पण क्षय म्हटलं तर माझ्या हातात बाळ कोण देईल? (काल शेजारीण डोळ्यांत बघून गेली. म्हणाली, पिवळे दिसत नाहीत. आई म्हणाली, आतून पिवळे आहेत.)

खोकला उतरला आहे. ताप संध्याकाळचा येतो, पण पूर्वीसारखा नाही. वजन मात्र अजून भरत नाही. गोळ्या मी समोर उभी राहून गिळायला लावते आणि मग तोंड उघडून बघते. (जीभ वर करायला लावते. मी काय तुरुंगात आहे?)

एक विचारायचं आहे. हिचा डावा पाय दुखतो म्हणते. पोटरी. मी म्हटलं, पडून पडून आखडला असेल. (दुखतो म्हणजे भरून आल्यासारखा. मोरीपर्यंत जाताना डाव्या चपलेचा पट्टा लागत नाही, उजव्याचा लागतो. आईला हे नाही सांगितलं. उगाच घाबरेल.) तू मोठ्या डॉक्टरांत बसतेस, विचारून कळव.

तुझी मावशी

(आणि भिंगरी. सध्या फिरत नसलेली.)

२५ जून

प्रिय भिंगरी आणि मावशी,

पायाचं घाबरण्यासारखं काही नाही. यातल्या एका गोळीने हातापायांना मुंग्या येतात, आग होते. त्यावर जीवनसत्त्वाची लहान गोळी देतात, ती तुझ्या पाकिटात आहे ना ते बघ. माझ्याकडे दहांतले चार जण पायाची तक्रार घेऊन येतात. मी त्यांना हेच सांगते आणि ते समाधानाने घरी जातात. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा?

आणि अगं, तुझ्या घरात मावशीचे हात आहेत! लोक पायरीवर बसून त्या हातांची वाट बघतात आणि तू पोटरी दुखते म्हणून मला पत्र लिहितेस? तेल कोमट करून छान चोळून घे. माझ्याही वाटणीचं चोळून घे.

तुझी पुढची तपासणी कधी आहे ते कळव.

ताई

३ जुलै

ताई,

आज दोन बातम्या. एक, तपासणी स्वच्छ आली. आई आता माझ्या खोलीत निजते आणि घोरते. दोन, आईने माझा पाय बरा केला.

तुझं पत्र वाचून दाखवलं तशी ती लगेच तेल गरम करायला उठली. तू म्हणालीस म्हणजे झालं. मी म्हटलं, इतके दिवस मी सांगत होते तेव्हा नाही उठलीस. म्हणाली, तू काय पदवी घेतली आहेस?

आता आई सांगते तसं लिहिते: पोटरीच्या मागे, जरा आत, एक गाठ होती. दोरीला मारतात तशी. पाय तिथे गरम लागत होता. अशी गाठ बाळंतिणीच्या पाठीत पुष्कळदा लागते, पायात कमी. मी अंगठा ठेवला आणि सोडला नाही. ही ओरडत होती. ("मेले, मेले" म्हणत होते. आई म्हणाली, मेलेली माणसं इतकी ओरडत नाहीत.) दाबत, सरकवत वर घेत गेले आणि एकदम गेली. अंगठ्याखालून गेली. ताईला लिही, विरघळली म्हणून. तिच्या मोठ्या डॉक्टरांनाही सांग म्हणावं, हाताने विरघळवली.

(आई इतकी खूश आहे की शेजारणीला बोलावून तिने माझा पाय दाखवला. काविळीचा पाय.)

ताई, पत्र इथेच थांबवते. सकाळपासून हसलं की उजव्या बरगडीखाली सुई टोचल्यासारखं होतं. आई हसवते म्हणून असेल. ती समोर बसली आहे म्हणून तिला सांगत नाही.

भिंगरी

८ जुलै

मावशी, भिंगरी,

हे मिळताच पायाला हात लावू नका. चोळू नका, शेकू नका. भिंगरीला मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि सांगा, क्षय आहे, एक पाय सुजला होता, आता छातीत टोचतं. याच शब्दांत सांगा.

तुमचं पत्र मी दुपारी डॉक्टरबाईंना गंमत म्हणून वाचून दाखवत होते. "काविळीचा पाय"ला त्या हसल्या. गाठीचं वाक्य आल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, पुन्हा वाच.

दुकानात फोन लावते आहे. कोणी उचलत नाही. हे पत्र तुमच्यापर्यंत माझ्याआधी पोचणार नाही हे मला कळतं आहे, तरी लिहिते आहे, कारण गाडी सकाळी आहे आणि तोवर हातांना दुसरं काय काम देऊ?

ताई

२ ऑगस्ट

ताई,

हे पत्र मी एकटी लिहिते आहे. आई औषधाच्या दुकानात गेली आहे. तू इथे होतीस ते दिवस मला नीट आठवत नाहीत. नाकावर प्राणवायूची नळी होती आणि तू पायथ्याशी उभी होतीस, एवढं आठवतं. तू काही बोलत नव्हतीस. तू आणि गप्प, म्हणजे मी मरणार असं मला वाटलं होतं.

नाही मेले. काल घरी आले.

तू गेल्यावर हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने मला सगळं समजावलं. आई तेव्हा रक्त तपासायच्या खिडकीसमोर रांगेत होती. क्षयाने रक्त दाट होतं म्हणे, माझ्यासारख्या तरुण पोरांचंही. त्यात मी खिळल्यासारखी पडून. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली. ती तिथून सुटली आणि फुप्फुसात जाऊन बसली. मी विचारलं, सुटली कशी? तो म्हणाला, आपोआपही सुटते. मग म्हणाला, कोणी चोळलं होतं का? मी म्हटलं, नाही.

ताई, आईला सांगू नकोस. आईला वाटतं, क्षयाने उसळी मारली. तसंच राहू दे. तिला कळलं तर ती हात तोडून टाकेल, आणि ते हात म्हणजेच आमचं घर आहे.

तू लिहिलेलं ते चोळून घ्यायचं पत्र मी शेगडीत घातलं, आणि मागून आलेलं, आईने कुणाकडून वाचून न घेतलेलं, तेही. कुणाच्या हाती नको. मला तुझा राग नाही. खरंच नाही.

पोटात सुया घेऊन आता गोळ्यांवर आले आहे, रक्त पातळ व्हायच्या. क्षयाची एक गोळी त्या गोळीचा जोर खाते म्हणे, म्हणून सारखं रक्त तपासून गोळी कमीजास्त करतात. माझ्या पोटात दोन गोळ्यांचं भांडण आणि मी मध्ये.

जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. लांब बोलायचं असलं तर आधी श्वास भरून घ्यावा लागतो. बाकी ठीक.

आई पुढच्या आठवड्यापासून कामावर जाणार आहे. खालच्या गल्लीत बसचालकाची बायको बाळंत झाली आहे.

भिंगरी

१० ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं नाही, पाकिटात ठेवलं नाही. टेबलावर उघडं ठेवलं आहे. रोज त्याच्या समोर बसून मी लोकांना सांगते, पाय दुखतो का? एक की दोन्ही? दाखवा. पूर्वी मी हे विचारत नव्हते. माझ्याकडे उत्तर तयार असायचं.

तू आईला वाचवायला बघते आहेस. पण बसचालकाच्या बायकोला कोण वाचवणार? बाळंतपणानंतरही रक्त असंच दाट झालेलं असतं. तिची पोटरी सुजली तर मावशी पुन्हा गाठ शोधेल, पुन्हा अंगठा ठेवेल, आणि तिला वाटेल की आपण एकदा विरघळवली होती. भिंगरी, तिला आता स्वतःच्या हातांची खात्री पटली आहे. ती खात्रीच मला झोपू देत नाही.

म्हणून खालचा मजकूर तिला वाचून दाखव. एक अक्षर गाळू नकोस.

मावशी, बाळंतीण असो की आजारी, एकच पाय सुजला असेल, गरम लागत असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर त्याला हात लावायचा नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाते आणि माणूस जाऊ शकतो. लगेच हॉस्पिटलात पाठवायचं. भिंगरीच्या पायात होती ती गाठ हीच होती. ती विरघळली नव्हती. ती चोळल्यानेच सुटली की आपली आपण, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण चोळून घे असं मी लिहिलं होतं, डॉक्टरांना न विचारता. तू माझ्या शब्दावर उठलीस. हे तुझ्या एकटीचं नाही.

ताई

२२ ऑगस्ट

ताई,

वाचून दाखवलं.

सगळं नाही. सुजलेल्या पायाचं सगळं वाचलं, हॉस्पिटलात पाठवायचं दोनदा वाचलं. म्हटलं, ताईच्या दवाखान्यात नवा नियम निघाला आहे बाळंतिणींसाठी. माझ्या पायाच्या ओळी गाळल्या. तुझ्याही. बसचालकाच्या बायकोला जे लागतं ते तिला मिळालं ना? मग बाकीचं कशाला?

आई म्हणाली, बरं. फडक्याला हात पुसले, खूप वेळ पुसले, आणि भांडी घासायला गेली. म्हणजे तिला काही कळलं नाही.

पण ताई, एक विचारू? तुला माहीत असेल, तू अशी घरं रोज बघतेस. आई मला हात लावत नाही. तपासणी स्वच्छ आहे हे तिला माहीत आहे. आधी तीच माझी वेणी घालायची. आता फणी माझ्यासमोर ठेवते आणि म्हणते, तुझी तू घाल, मोठी झालीस. पाण्याचा पेला माझ्या हातात देत नाही, स्टुलावर ठेवते. परवा जिन्यात मला धाप लागली. तिचे दोन्ही हात पुढे आले आणि मध्येच थांबले, आणि मग तिने ते पाठीमागे घेतले. लहान मूल खाऊ लपवतं तसे.

ती मला घाबरते का गं? क्षयाला? इतके दिवस नाही घाबरली आणि आता?

हिरड्यांतून जरा रक्त आलं होतं म्हणून रक्त पातळ व्हायची गोळी कमी केली आहे.

भिंगरी

१२ सप्टेंबर

पोरी,

अक्षर वेगळं बघून दचकू नकोस. भिंगरी बरी आहे, रक्त तपासायला गेली आहे. हे पत्र बसचालक लिहितो आहे. तो म्हणतो, मावशी, मला गाडी सरळ चालवता येते, ओळ नाही. जमेल तसं वाच.

याच्या बायकोचं सांगते. गेल्या सोमवारी तिला मालीश करायला बसले. पाठ झाली, कंबर झाली. उजव्या पोटरीला हात लावला आणि हात काढून घेतला. गरम होती. तट्ट फुगली होती. मी उठून उभी राहिले. तिची सासू म्हणाली, अगं, पाय राहिले की! मी म्हटलं, पाय नाही. ती म्हणाली, अर्ध्या अंगाची मालीश करतेस, मग मोल पण अर्धं घे. मी म्हटलं, काही देऊ नका, पण गाडी बोलवा. (मावशी खूप ओरडल्या. मी कधी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. बायको हॉस्पिटलात आहे, गुठळीच निघाली, आता धोका नाही म्हणतात. बसचालक.)

हे तुझ्यामुळे झालं. ते सांगायला पत्र. आणि दुसरं, जे भिंगरीच्या हाताने लिहवून घेता येत नाही ते.

मला माहीत आहे.

ती तुझं पत्र वाचत होती. हल्ली लांब वाक्य यायचं असलं की ती आधी श्वास भरून घेते, वाचणाऱ्याला पुढचं वाक्य केवढं आहे ते दिसतं. त्या दिवशी तिने असा मोठा श्वास भरला, छाती वर आली, आणि तोंडातून आलं, "बरं आई, एवढंच." एवढ्याशा शब्दांना कोणी एवढा श्वास घेत नाही. उरलेला श्वास तिने हळूच सोडला. तिला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. मला आता घरात दुसरं काही ऐकूच येत नाही.

तसं मला आधीच कळायला हवं होतं. गाठ विरघळते तेव्हा ती आधी मऊ होते, मग पसरते, हाताला कळतं. ही तशी गेली नाही. ओल्या हातातून साबण निसटावा तशी गेली. मी इतकी वर्षं हे काम करते, मला फरक कळला होता, पोरी. हाताला कळला होता. तोंडाने मी विरघळली म्हटलं.

ती कुठे गेली ते मी विचारत नाही. ती जिना चढते तेव्हा मधल्या पायरीवर बसते ना, तिथे गेली.

दिवसभर अंगठ्याखाली ती लागत असते. भांडं धरलं तरी लागते, दाराची कडी लावली तरी. या हाताने मी तिला कशी शिवू?

तू तिला सांगू नकोस मला कळल्याचं. ती माझ्यासाठी गाळते, तेवढं तिचं सुख तिच्याकडे राहू दे. आणि तू स्वतःला लावून घेऊ नकोस. तुझं ते पत्र यायच्या आधीच मी तिचा पाय चोळला होता. आदल्या दिवशीच. भिंगरीने चुकीचं लिहिलं असेल.

तुझी मावशी

२० सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

हे पत्र मावशीच्या समोर बसून मोठ्याने वाच. तुझी आई जिथे बसते तिथून तुझा चेहरा दिसतो, तेव्हा मध्ये डोळे खाली-वर करू नकोस.

मावशी, तू मला एक गोष्ट सांगू नकोस म्हणालीस, आणि भिंगरीने दुसरी. भिंगरीला आधी नाही म्हटलं, पण मग दोघींना मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं. चार दिवस तसं राहून बघितलं. दवाखान्यात माणसांना खरं सांगायचं आणि संध्याकाळी खोलीवर येऊन तुमची दोन खोटी सांभाळत बसायची, हे मला जमत नाही. रागव माझ्यावर. पण तू हात मागे घेतेस ते पाहून तुझ्या मुलीने मला काय विचारलं माहीत आहे? "आई मला घाबरते का गं? क्षयाला?"

भिंगरी, थांबू नकोस. वाच पुढे.

ती तुला घाबरत नाही. ती स्वतःच्या अंगठ्याला घाबरते. तू गाळलेलं तिला त्याच दिवशी कळलं. तुझ्या श्वासावरून कळलं.

आणि मावशी, आदल्या दिवशीच चोळल्याचं तू मला लिहवून पाठवलंस. भिंगरीचं तीन जुलैचं पत्र माझ्यासमोर आहे. पत्र वाचल्यावर तेल गरम करायला उठलीस, असं त्यात आहे. माझं ओझं तू तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. ते माझं आहे. ते मी रोज टेबलावर ठेवते आणि त्याच्या समोर बसून काम करते. त्याने काम बरं होतं.

आपण तिघीही एकाच गाठीवर बोट ठेवून बसलो आहोत, आणि प्रत्येकीला वाटतं की दुसरीला ती लागत नाही. ती विरघळेल असं मी म्हणणार नाही. हा शब्द मी आता वापरत नाही. पण डॉक्टरबाईंना मी विचारलं आहे, या वेळी नीट विचारलं आहे. पायाला अजून हात लावायचा नाही. डोक्याला, केसांना, पाठीला हात लावायला काहीच हरकत नाही.

भिंगरी, आता फणी आईच्या हातात दे आणि तिच्याकडे पाठ करून बस. पुढचं वाक्य लांब आहे. श्वास पूर्ण भरून घे, आणि या वेळी तो सगळा वापर:

"आई, ती गाठ तुझ्या हाताखालून गेली हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे, आणि तरी गेले कित्येक दिवस माझे केस मीच विंचरते आहे आणि मागचा गुंता मला सुटत नाही, तेव्हा तुझ्या अंगठ्याखाली ती अजून लागत असली तरी चालेल, पण माझी वेणी तूच घाल."

ताई